पाणंदीतला दिवा
(एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी)

आमचा मळा बेळगावच्या दक्षिणेस, येळ्ळूरच्या बाजूला आहे. डांबरी रस्ता सोडला की घरापर्यंत अडीच किलोमीटर पाणंद लागते. शहरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना पाणंद म्हणजे काय हे सांगावे लागते. दोन्ही बाजूंना शेतांचे बांध, बांधांवर घाणेरीच्या जाळ्या, मधोमध गाड्यांच्या चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्या दोहोंमध्ये गवताचा उंचवटा, अशी ती वाट असते. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होतो आणि दिवाळीनंतर तोच चिखल दगडासारखा वाळून बसतो. या वाटेने मी पाचवीपासून सायकलने शाळेत जाते. तिचा प्रत्येक खड्डा मला तोंडपाठ आहे असा माझा समज होता. परंतु तो समज दिवसाचा होता. रात्रीची पाणंद ही निराळीच वाट असते, हे मला या वर्षी कळले.

दहावीचे वर्ष म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत संध्याकाळचे जादा तास सुरू झाले. ते सातला सुटत. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे मी डांबरी रस्ता सोडून पाणंदीत शिरे तेव्हा मिट्ट काळोख झालेला असे. बाबांचे म्हणणे असे की, जादा तास करायचे असतील तर परीक्षेपर्यंत शहरात आत्याकडे राहावे. आत्या प्रेमळ आहे, पण तिच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे. शिवाय आजी आजारी असल्याने सकाळी आईच्या हाताखाली मी घरात हवी होते. तेव्हा मी हट्ट धरला की, मला चांगला दिवा मिळाला तर मी सायकलनेच येईन. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बघू, पंधरा दिवस करून बघ."

शिष्यवृत्तीचे आणि भाऊबिजेचे मिळून माझ्याजवळ तीन हजार रुपये साठले होते. त्यांतले सहाशे खर्च करून मी बाजारातून एक दिवा आणला. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०,००० ल्युमेन' असे छापले होते. आकडा जितका मोठा तितका दिवा चांगला, एवढेच माझे शास्त्र होते. पहिल्या रात्री अंगणात तो लावला तेव्हा समोरचा गोठा लख्ख उजळला, म्हैस दचकून उभी राहिली आणि आम्ही सगळे हसलो. आजोबा मात्र डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "हा दिवा वाट दाखवणार आहे की माणसाला आंधळं करणार आहे?" मला तो म्हातारपणाचा विनोद वाटला.

चौथ्या दिवशीची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे पाणंदीने येत होते. धुके पडू लागले होते. दिवा रबराच्या पट्ट्याने हँडलला अडकवलेला होता आणि चाकोरीतल्या धक्क्यांनी तो हळूहळू वर तोंड करून बसला होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. समोरून शेजारच्या मळ्यातले तात्या डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होते. मला ते दिसण्यापूर्वी त्यांचा आवाज ऐकू आला, "दिवा खाली कर की गं पोरी!" मी गडबडीने ब्रेक दाबला. चाक चाकोरीच्या काठावर आपटले आणि त्या धक्क्याने दिवा विझला. क्षणापूर्वी जिथे पांढराशुभ्र उजेड होता तिथे काहीही दिसेना. फक्त भारा पडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग तात्यांचे कण्हणे.

तात्यांचा पाय बांधाकडेच्या चरीत गेला होता. सत्तरीच्या घरातला माणूस तो. उजव्या हातावर पडल्यामुळे त्यांचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर घालावे लागले, आणि तेही ऐन मळणीच्या दिवसांत. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट बाबांनी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "पोरीची काय चूक? मीच जरा बाजूला व्हायचं की." त्यांच्या त्या बोलण्याने मला रागावण्यापेक्षा अधिक लागले. मळणीला आमच्या घरची माणसे गेली, मीही दोन रविवार गेले, पण मनातली टोचणी काही जाईना. बाबांनी जादा तासांचा विषय एका वाक्यात संपवला, "उद्यापासून पाचच्या आत घरी."

दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या सरांना मी जादा तासांना येणार नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी कारण विचारले. सगळे ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "दिवा वाईट होता हे कळलं. पण तो का वाईट होता हे तुला कळलं आहे का?" मला ते कळले नव्हते. मग सरांनी फळ्यावर एक साधा गुणाकार मांडला. सायकलच्या दिव्यातील एलईडी एका वॉटमागे ढोबळ मानाने शंभर ल्युमेन प्रकाश देते असे धरू. म्हणजे दहा हजार ल्युमेनसाठी शंभर वॉट पाहिजेत. दिव्यात होता बोटाएवढा एकच लिथियमचा सेल. ३.६ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तास यांचा गुणाकार १०.८ वॉट-तास. शंभर वॉटने खर्च केल्यास ही पुंजी साडेसहा मिनिटांत संपेल. आणि माझा दिवा तर दोन तास चालत होता! "मग बाई, खोक्यावरचा आकडा खरा की घड्याळ खरं?" सरांनी विचारले. वर्ग हसला, मीही हसले. पण मनात म्हटले, हा गुणाकार तर मला आठवीपासून येत होता, तो करावा असे मात्र सुचले नाही.

त्या दिवसापासून मी दिव्याच्या मागे लागले. माझ्या दादाचा एक मित्र दर रविवारी पहाटे अंधारात डोंगरवाटांवर सायकल चालवतो. त्याच्याकडून पुष्कळ समजले, उरलेले सरांकडून. त्यातील मुख्य गोष्टी येथे देते, कारण आपल्या शाळेत खेड्यापाड्यांतून येणारी मुले बरीच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ल्युमेन हे सगळे सांगत नाही. दिव्यातून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो एवढेच ते सांगते. तो प्रकाश कोणत्या दिशेला किती एकवटला आहे हे कँडेलावरून कळते आणि वाटेवर प्रत्यक्ष किती पडला हे लक्सवरून. अंतर दुप्पट झाले की जमिनीवरचा उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. दहा मीटरवर ४० लक्स देणारा दिवा वीस मीटरवर दहाच लक्स देतो. म्हणून पायाशी लख्ख आणि पुढे काळोख असा दिवा फसवा असतो. जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचे अंधूक दिसणारे तेवढेही दिसेनासे होते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांतील दंडपेशींचे काम असे एकदा बिघडले की ते पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तात्यांना चर का दिसली नाही आणि दिवा विझल्यावर मलाही काही का दिसले नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकदमच मिळाले.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदाला चार मीटरांहून थोडी अधिक जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. नंतर सुट्या मातीवर थांबायला आणखी तीनेक मीटर लागतात. म्हणजे सात मीटर झाले. वेग ताशी २५ झाला तर हाच हिशेब पंधरा मीटरांवर जातो. डोंगरउतारावरून वेगाने येणाऱ्या दादाच्या मित्राला हजार ल्युमेनचा दिवा लागतो तो यामुळे. मला पाणंदीत बारा-पंधराच्या वर वेग घेताच येत नाही. मला पंधरा-वीस मीटर स्पष्ट दिसले तरी पुरे. दिवा किती मोठा हवा हे आपली वाट आणि आपला वेग ठरवतो, खोक्यावरचा आकडा नव्हे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मजेची. दिवा डोक्याला बांधावा की हँडलला, असा प्रश्न मला पडला होता. डोक्यावरचा दिवा आपण पाहू तिकडे वळतो, वळणावर तो फार उपयोगी. पण त्याचा उजेड आणि आपली नजर जवळजवळ एकाच रेषेत असते. त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागेच लपते, आपल्याला ती दिसत नाही. सावली नाही तर खोली नाही. खड्डा आणि सपाट जमीन सारखीच भासते. हँडलवरचा दिवा डोळ्यांपेक्षा खाली असतो. त्याने पडलेल्या सावल्या आपल्याला वरून दिसतात आणि वाटेचा प्रत्येक चढउतार उठून दिसतो. धुक्यातही तसेच. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांतच येतो. तेव्हा मुख्य दिवा हँडलला, आणि लहानसा डोक्यावर, तोही गरजेपुरता, असा निर्णय झाला.

हे सगळे मी बाबांना सांगितले. बाबा शेतकरी आहेत. बियाणे आणताना ते पाकिटावरची चित्रे पाहत नाहीत, मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून किती उगवते ते पाहतात. ते म्हणाले, "सांगतेस ते खरं असेल. पण आधी पाणंदीत दाखव."

म्हणून एका शनिवारी रात्री आमच्या पाणंदीत दिव्यांची परीक्षा झाली. दादाच्या मित्राने आपले दोन दिवे आणि कपाळाला बांधायची एक छोटी बॅटरी आणली. आजोबांनी माळ्यावरून आपला जुना डायनॅमो काढला. वाटेत आम्ही पाच, दहा, पंधरा आणि वीस मीटरवर एक वीट, एक करवंटी, एक काळा दगड आणि एक वाळकी फांदी ठेवली. बाभळीच्या फांदीवरून डोक्याच्या उंचीवर एक दोरी लोंबत सोडली. एवढ्यात प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेले तात्या तिथे येऊन उभे राहिले. "मी पलीकडं जाऊन थांबतो," ते म्हणाले. "डोळ्यांत कोणता येतो ते माझ्याइतकं कुणाला कळणार?" माझी मान खाली गेली. पण ते खरेच वीस मीटरवर जाऊन उभे राहिले.

माझा दहा हजारी दिवा पायाशी चांगला पडला. दहा मीटरवरची करवंटी जेमतेम दिसली, पंधरावरचा दगड दिसलाच नाही. हजार ल्युमेनच्या गोल झोताच्या दिव्याने दोरीसकट सगळे दाखवले, पण पलीकडून तात्या ओरडले, "बंद कर, बंद कर!" तिसऱ्या दिव्याचे ल्युमेन फक्त चारशे होते. मात्र त्याचा झोत वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सरळ होता. जर्मनीत रस्त्यावरील सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत असा वरून कापलेला असावा असा नियम आहे, हे मला दादाच्या मित्राकडून कळले. त्या दिव्याने चारही वस्तू दाखवल्या आणि तात्या शांतपणे म्हणाले, "हा चालतोय. हा कमरेखालीच राहतोय." पण तोच झोत कापलेला असल्यामुळे वर लोंबणारी दोरी त्यात दिसली नाही. रस्त्यावर जो गुण, तोच झाडाखालच्या वाटेवर दोष ठरला. कपाळावरची छोटी बॅटरी लावताच दोरी दिसली. मग आम्ही मुख्य दिवा विझवून नुसती बॅटरी ठेवून पाहिली, आणि सरांनी सांगितलेले नवल प्रत्यक्ष दिसले. चाकोरी नाहीशी झाली! हातभर खोल चाकोरी माझ्यासमोर होती आणि मला सपाट माती दिसत होती. बाबा वाकून दोनदा पाहून आले. त्या क्षणी त्यांचे मन वळले असावे.

आजोबांच्या डायनॅमोची पाळी शेवटी आली. ६ व्होल्ट आणि ३ वॉटचे ते जुने यंत्र टायरला टेकवताच गुरगुरू लागले. सायकल पळते तोवर पिवळा गोड उजेड, सायकल मंदावली की उजेड मंद आणि थांबली की अंधार. जिथे वाट कठीण तिथे वेग कमी, आणि जिथे वेग कमी तिथेच उजेड कमी. चिखलात तर त्याची चकली टायरवरून घसरते. आजोबा म्हणाले, "आमच्या आधीच्या माणसांजवळ कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून गॅस निघायचा आणि तो जळायचा. शहरात बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचा. तेव्हा आम्हांला वाटे, दिवा पोलिसासाठी लावायचा." मग तात्यांकडे पाहून हळूच म्हणाले, "समोरच्या माणसासाठीही असतो, हे तेव्हा कळत नव्हतं."

सोमवारी मी दिवा विकत घेतला. निवडताना आणखी चार गोष्टी पाहिल्या. सेलच्या १०.८ वॉट-तासांत चारशे ल्युमेन, म्हणजे अंदाजे चार वॉट, अडीच तासांच्या आसपास चालतात. माझा प्रवास अर्ध्या तासाचा, म्हणजे एखादे दिवशी चार्जिंग विसरले तरी भागेल. पाण्यासाठी खोक्यावर आयपीएक्स अक्षरांपुढचा आकडा पाहिला. ४ म्हणजे उडालेले पाणी सोसते, ५ म्हणजे पाण्याची धार सोसते, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. बेळगावचा पाऊस लक्षात घेऊन मी ५ च्या खाली गेले नाही. रबरी पट्ट्याऐवजी स्क्रूने आवळायची पकड घेतली, आणि दुकानाच्या पायरीवर सायकल चारदा आपटून दिवा हलत नाही याची खात्री केली. दुकानदार पाहतच राहिला. शेवटी मागे लावायला लहानसा तांबडा दिवा घेतला, कारण पाणंदीपूर्वीच्या डांबरी रस्त्यावर मागून ट्रक येतात. मुख्य दिव्याला सोळाशे, कपाळावरच्या बॅटरीला पाचशे आणि तांबड्या दिव्याला दोनशे रुपये पडले. म्हणजे माझ्या पुंजीतले शंभर रुपये उरले.

बाबांनी परवानगी दिली, पण दोन अटी घालून. रानाच्या बाजूच्या वाटेने कधीही जायचे नाही, आणि पाणंदीत शिरताना घरी फोन करायचा. तिसरी अट मी स्वतःच घातली. समोर माणूस किंवा जनावर दिसले की वेग कमी करून मुख्य दिवा मंद करायचा आणि कपाळावरचा लगेच विझवायचा. कारण कपाळावरचा दिवा आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्याच डोळ्यांत जातो, आणि ओळखीच्या माणसाला हाक मारताना आपण त्याच्या तोंडाकडेच पाहतो. दिव्याचा झोतही मी असा वाकवून ठेवला आहे की त्याचा मध्य सुमारे दहा मीटरवर जमिनीला टेकतो. दर सोमवारी अंगणात उभी राहून तो पुन्हा तपासते.

शास्त्राच्या सरांनी एकदा सांगितले की, हा पांढरा एलईडीचा उजेड शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. ती तयार करणारे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या थोर माणसांच्या श्रमाचा उजेड सोळाशे रुपयांत माझ्या हँडलवर येऊन बसला आहे. त्याचा उपयोग नीट करणे तेवढे माझ्याकडे उरले आहे, आणि तेवढेसुद्धा मला एका म्हाताऱ्या माणसाचे मनगट मोडल्यावर सुचले, ही खंत राहीलच.

संक्रांतीच्या सुमारास तात्यांचे प्लास्टर निघाले. त्यानंतर आठवड्याने पाणंदीत ते मला समोरून भेटले. डोक्यावर भारा होता, मात्र नेहमीपेक्षा लहान. मी दूरवरूनच दिवा मंद केला, कपाळावरचा विझवला आणि सायकलवरून उतरून बांधाला लागले. तात्या जवळ येऊन थांबले. "पोरी, तुझा दिवा आता लांबनं ओळखू येतोय," ते म्हणाले. "मी दिसलो की तो खाली बघतोय." मी त्यांना तिळगूळ दिला. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताची मूठ अजून पुरती मिटत नव्हती.

ते पुढे गेल्यावर मी दिवा पुन्हा मोठा केला नाही. घर आता दोनशे पावलांवर होते, आणि मंद उजेडातही चाकोरी स्पष्ट दिसत होती.